रणातलं जगणं: मिळकत बेभरवशाची, म्हणून खर्चावर नजर

थंडी सुरू झाली की बडोद्यातल्या मराठी घरांत कच्छमधल्या धोर्डोच्या पांढऱ्या रणाचे बेत शिजू लागतात. तंबूत मुक्काम, पौर्णिमेच्या चांदण्यात चकाकणारं मीठ, येताना भुजहून एखादी शाल. परतलेली मंडळी दांडिया बाजारात भेटली की फोटो दाखवून झाल्यावर हळूच म्हणतात, "बघण्यासारखं आहे, पण खरं सांगू का, तिथे काहीच नाही हो. नुसतं मीठ!"

हे वाक्य पेपरातल्या बातम्यांच्या शेजारी ठेवून बघा. २०२४ च्या गणनेत कच्छच्या छोट्या रणात आणि आसपास ७,६७२ घुडखर, म्हणजे रानगाढवं, मोजली गेली. खावड्याजवळच्या ओसाड जमिनीवर सौर आणि पवन ऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प उभा राहतोय. माळढोक पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं खटला चालला. जिथे काहीच नाही तिथे साडेसात हजार गाढवं खातात काय, पितात काय? आणि जमीन ओसाडच असेल तर खटला कशासाठी?

शाळेत या विषयावर आपल्याला एकच धडा होता: उंट आणि निवडुंग. उंटाच्या मदारीत पाणी असतं आणि निवडुंगाच्या पोटात पाणी असतं, एवढं लक्षात राहिलं. पहिलं साफ चूक आहे, दुसरं अर्धवट बरोबर.

### कच्छचं रण म्हणजे वाळवंट आहे का?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच निकालात काढू. वाळवंट म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. तसं बघायचं तर थरचं वाळवंट राजस्थानात, जैसलमेर-बाडमेरकडे. कच्छचं रण हा खारट चिखलाचा सपाट प्रदेश आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी भरतं, हिवाळ्यात ते आटून मीठ उरतं आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळते.

पण झाडाला किंवा जनावराला वाळूशी देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी प्रश्न एवढाच की वरून पडतं किती आणि उन्हाने उडून जातं किती. बडोद्यात वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कच्छमध्ये साडेतीनशे-चारशेच्या आसपास, जैसलमेरला दोनशेच्या आसपास. आणि हे सरासरीचे आकडे फसवे असतात. कच्छमध्ये एखाद्या वर्षी दोन दिवसांत वर्षभराचा पाऊस कोसळतो आणि पुढची दोन वर्षं आभाळ कोरडं. पडलेल्या पाण्यापेक्षा उडून जाणाऱ्या पाण्याची ताकद कितीतरी पट जास्त असते. म्हणून इथल्या आणि थरच्या जिवांच्या युक्त्या पुष्कळशा सारख्या आहेत, आणि रणात वर मिठाचा त्रास, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

### साठवण दुय्यम, खर्च पहिला

ज्या घरात पगार महिन्याच्या महिन्याला येत नाही, वर्षातून एकदा येतो, तोही कधी जुलैत, कधी सप्टेंबरात आणि एखाद्या वर्षी येतच नाही, त्या घरातली बाई काय करेल? पैसे ठेवायला मोठा डबा आणायला ती धावणार नाही. आधी खर्चाच्या वाटा बंद करेल. जिथून रुपया गळतोय ते भोक बुजवेल, खरेदी स्वस्ताईच्या वेळी करेल, आणि पैसे नसतील त्या महिन्यांत हातपाय पोटाशी घेऊन बसेल. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात ते हेच.

कोरड्या प्रदेशातल्या बहुतेक जिवांचा संसार असाच चालतो. साठवण करणारे आहेत, पण ते थोडे, आणि त्यांनाही खर्च आवरल्याशिवाय साठा पुरत नाही. एवढं धरून ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

### झाडाची पंचाईत: तोंड उघडलं की पाणी गेलं

झाड आपलं अन्न हवेतल्या कार्बन डायॉक्साइडपासून बनवतं. हा वायू पानात शिरतो तो बारीक छिद्रांतून. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. यापुढे आपण नुसतं छिद्रं म्हणू. अडचण अशी की छिद्र उघडलं की वायू आत येतो आणि त्याच वाटेने पानातली वाफ बाहेर जाते. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या वायूच्या मानाने फार जास्त असतं. गहू किंवा भातासारखं साधं झाड कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू पकडायला पाण्याचे चारशेच्या आसपास रेणू गमावतं. बडोद्यात जुलैमध्ये ही उधळपट्टी परवडते. मे महिन्यात भुजला परवडत नाही.

छिद्रं बंद ठेवावीत तर पाणी वाचतं, पण झाड उपाशी मरतं. मग करायचं काय?

उत्तराचा एक नमुना बहुतेक मराठी अंगणांत कुंडीत बसलेला असतो: पानफुटी. पान मातीवर टाकलं की कडांच्या खाचांतून रोपं फुटतात ती. पहाटे तिच्या पानाचा नखाएवढा तुकडा चघळून थुंकून टाका (गिळू नका, तिच्यात विषारी द्रव्यंही असतात). चव चिंचेच्या पाल्यासारखी आंबट लागेल. त्याच झाडाचं दुसरं पान दुपारी बघा, आंबटपणा गायब. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असतानाच हे ताडलं आणि १८१३ मध्ये पत्राने कळवलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडसर, असं त्याचं निरीक्षण होतं. कारण त्याला ठाऊक नव्हतं. ते उलगडायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

कारण असं. पानफुटी दिवसा अळीमिळी गुपचिळी करून बसते, छिद्रं घट्ट बंद. रात्री हवा गार झाली, वाफ कमी जाऊ लागली की ती छिद्रं उघडते आणि कार्बन डायॉक्साइड आत घेते. पण रात्री ऊन नाही, म्हणजे अन्न शिजवता येत नाही. म्हणून तो वायू आम्लाच्या रूपात पानात ठेवून देते. हाच पहाटेचा आंबटपणा. सकाळी ऊन आलं की दारं बंद करून आतल्या आत तेच आम्ल फोडते, वायू मोकळा होतो आणि अन्न बनतं. दुपारपर्यंत आम्ल संपतं, चव जाते. खरेदी रात्री, स्वयंपाक दिवसा. या पद्धतीत पाण्याचा खर्च साध्या झाडाच्या सात-आठ पटींनी कमी होऊ शकतो.

कोरफड, घायपात, अननस आणि जवळजवळ सगळे निवडुंग याच पंथातले. गुजरात सरकारने २०२१ मध्ये ज्याचं नाव 'कमलम' ठेवलं ते ड्रॅगन फ्रूटही निवडुंगच आहे. कच्छच्या कोरड्या शेतांत ते तगलं त्यामागे ठिबक सिंचन आणि शेतकऱ्यांची मेहनत आहेच, पण झाडाची ही रात्रपाळीही आहे. आपल्या गॅलरीतलं रात्री उमलणारं ब्रह्मकमळ (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं) तेही निवडुंगच, बरं का.

या पद्धतीत तोटा काय? आम्ल साठवायला जागा लागते ती पानाएवढीच, म्हणून रोजची मिळकत ठरलेली. ही झाडं सहसा सावकाश वाढतात. 'सावकाश' हा शब्द लक्षात असू द्या, पुढे तोच महागात पडणार आहे.

मधला एक मार्ग बाजरी, ज्वारी, मका आणि रणातल्या पुष्कळ गवतांनी काढलाय. ती छिद्रं दिवसाच उघडतात, पण कार्बन डायॉक्साइड पकडण्याची त्यांची यंत्रणा इतकी चपळ असते की छिद्रं थोडीच उघडून भागतं. कच्छी माणूस बाजरीचा रोटला खातो त्यात आवडीइतकाच या हिशेबाचाही वाटा आहे. आणि घोळीची भाजी? खंडेराव मार्केटात भाजीवाली तिला लुणी म्हणते. ही बया दोन्ही विद्या जाणते. एरवी बाजरीसारखी वागते, पाणी तुटलं की पानफुटीची रात्रपाळीही सुरू करते. एकाच पेशीत हे दोन्ही उद्योग चालतात असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. डाळ घालून करतो त्या घोळीच्या आंबटपणाकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघतो.

### पण निवडुंग पाणी साठवतोच ना?

साठवतो. खोड मांसल असतं, घड्या घातल्यासारखं असतं, पाऊस झाला की फुगतं, पुढे आकसतं. पण हाच साठा रुंद पानांच्या झाडाला दिला तर थोड्याच दिवसांत उडून जाईल. निवडुंगाने पानंच टाकून दिली, त्यांचे काटे झाले, अंगावर मेणाचा थर चढवला, छिद्रं रात्री उघडली. मग कुठे साठा महिनोन्महिने पुरतो.

जाता जाता एक गोष्ट. कच्छच्या खडकाळ टेकड्यांवर काटेरी, हिरव्या दांड्यांचे जे झुबके दिसतात त्यांना आपण निवडुंग म्हणून मोकळे होतो, पण तो थोर. खरे निवडुंग अमेरिकेतले, माणसाबरोबर इकडे आले. थोर इथलाच, एरंडाच्या कुळातला. दोघांचं नातं काही नाही, अडचण एक म्हणून अंगाची ठेवण एक झाली. ओळखायचा असेल तर दांडीला ओरखडा काढा. थोरातून पांढरा चीक भळभळ येतो, फड्या निवडुंगातून नुसतं बुळबुळीत पाणी. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, दिवस खराब होईल.

### खाली खोल, किंवा वर वर

दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, गुजरातीत खीजडो, राजस्थानात खेजडी. कोरड्या प्रदेशातलं हे सर्वांत मानाचं झाड. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण देऊन अडवलं.

शमीची युक्ती मुळांत आहे. ती सरळ खाली भूजलाकडे जातात, तीस मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तिच्याच जवळच्या नात्यातल्या एका अमेरिकी झाडाचं मूळ ॲरिझोनातल्या खाणीत ५३ मीटर खोल सापडलं होतं. खाली स्वतःचं पाणी असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये, सगळं रान वाळलेलं असताना, शमीला नवी पालवी येते. शेळ्या-उंटांना नेमका तेव्हाच चारा हवा असतो.

निवडुंग उलट करतो. मुळं वरच्या थरात, दूरवर पसरलेली, कारण त्याला तासाभराच्या सरीचं पाणी उडून जायच्या आत पिऊन घ्यायचं असतं.

### पाणी आहे, पण खारं

रणात ओल पुष्कळ ठिकाणी असते. हातभर खणलं तर चिखल लागतो. तरी झाडं तहानेने मरतात. मुळांपेक्षा बाहेर क्षार जास्त असले की पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. यावर लाणो नावाच्या खुरट्या, मांसल पानांच्या झुडपाचा तोडगा असा की मीठ आत घ्यायचं, पण पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवायचं. मग आतली ओढ बाहेरच्यापेक्षा जास्त होते आणि पाणी आत येतं. समुद्रकाठची तिवरं याच्या पुढे जाऊन पानांवाटे मीठ बाहेर टाकतात. पान जिभेला लावलं तर कळतं.

कच्छचे खराई उंट ही तिवरं खायला खाडीतून पोहत बेटांवर जातात. हो, पोहत. २०१५ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. घुडखर पोहत नाहीत, पण छोट्या रणात जमिनीपेक्षा थोडे उंच असलेले गवताळ उंचवटे आहेत, त्यांनाही बेटच म्हणतात, आणि घुडखरांचा संसार त्या बेटांवर आणि काठच्या शेतांवर चालतो. शेतकऱ्यांना हे अर्थातच आवडत नाही.

### उंट: मदारीचं खरं काय?

मदारीत चरबी असते. अन्नाचा साठा. चरबी सगळ्या अंगावर पसरली असती तर उष्णता बाहेर पडायला अडथळा झाला असता, म्हणून ती एका जागी पाठीवर. कोणी म्हणेल, चरबी जळली की पाणी तयार होतं ना? होतं, एक ग्रॅम चरबीमागे ग्रॅमभराहून किंचित जास्त. पण ती जाळायला जास्त श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत श्वासाबरोबर पाणी जातं. फायदा जवळजवळ उरत नाही.

उंटाचं खरं कसब क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अल्जीरियाच्या सहारात उंटांचं तापमान आणि वजन मोजून दाखवलं. माणसाचं शरीर ३७ अंशांना चिकटून असतं. दोन-तीन अंश वर गेलं की आपण डॉक्टरकडे पळतो. म्हणून उन्हात शरीर घाम गाळतं. तापत्या दुपारी राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. तहानलेला उंट मात्र पहाटे ३४-३५ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ४० च्या पुढे चढू देतो. घामावर पाणी खर्च न करता ही उष्णता अंगातच राहू देतो आणि रात्री फुकटात हवेत सोडून देतो. पाचशे किलोच्या उंटाचं तापमान सहा अंशांनी वाढू दिलं तर साधारण चार-पाच लिटर घाम वाचतो. रोजचा.

दुसरी बचत नाकात. हिवाळ्यात चष्म्यावर श्वास सोडला की काच धुरकटते, ती आपल्या श्वासातली वाफ. उंटाच्या नाकात नागमोडी पडद्यांचं जाळं असतं. आत घेतलेली कोरडी हवा ते गार करून ठेवते आणि बाहेर जाणारी दमट हवा त्यावरून जाताना पुष्कळसं पाणी मागे ठेवते.

तिसरी गोष्ट तोटा सोसण्याची. उन्हात शरीराच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी गेलं तर माणूस वाचणं अवघड, कारण रक्त घट्ट होऊन उष्णता बाहेर नेणं थांबतं. उंट पंचवीस टक्के गमावूनही चालत राहतो, कारण तो पाणी शक्यतो ऊतींमधून खर्च करतो आणि रक्त पातळ राखतो. पुढे पाणी सापडलं की दहा मिनिटांत शंभर लिटरच्या घरात पिऊ शकतो. एवढं पाणी एकदम रक्तात आलं तर आपल्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी अंडाकृती आणि दमदार, दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

### लहान जिवांचं काय? त्यांना चाळीस अंश झेपतात?

झेपत नाहीत, म्हणून ते तिथे नसतातच. उंदराएवढ्या जिवाने उंटासारखं तापून घ्यायचं ठरवलं तर अर्ध्या तासात कारभार आटोपेल. लहान शरीर पटकन तापतं. त्यांचा उपाय बीळ. उन्हाळ्यात वाळूचा वरचा थर साठ अंशांच्या पुढे जातो. अर्ध्या-पाऊण मीटरवर तेच तापमान तिशीत असतं आणि हवा दमट.

सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा हा यातला नमुनेदार. शाकाहारी, सावध, दिवसाच बाहेर येणारा. काम झालं की बिळात जातो आणि आतून तोंडावर माती ओढून दार लावून घेतो, म्हणजे उष्णता, साप आणि कोरडी हवा तिन्ही बाहेर. हिवाळाभर तो खालीच असतो, शेपटीतल्या चरबीवर. त्याच चरबीचं 'तेल' गुडघेदुखीपासून मर्दानगीपर्यंत सगळ्यावर विकणारे रस्त्यारस्त्यांवर बसायचे. त्या दाव्याला काडीचा आधार नाही. सांडा मात्र यात हजारोंनी मेला.

उरला लघवीतून होणारा खर्च. माणसाचं मूत्रपिंड रक्ताच्या चौपट क्षार लघवीत कोंबू शकतं, उंटाचं आठपट, वाळवंटी उंदरांचं चौदापट आणि त्याहूनही जास्त. पक्षी आणि सरपटणाऱ्यांनी पाणी जवळजवळ वगळलंच. घरातल्या पालीची लेंडी बघा, काळ्या कांडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तो पांढरा भाग म्हणजे पालीची लघवी, घट्ट पेस्ट. सांडाही तेच करतो, माळढोकही.

पखुर्डीचं एवढं सांगून पुढे जाऊ. कबुतराएवढा हा मातकट पक्षी बडोद्याबाहेरच्या पडीक शेतांतही दिसतो. पिल्लं उडू शकत नाहीत आणि पाणी कोसांवर. मग नर पाणवठ्यावर जाऊन पोट पाण्यात बुडवून बसतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडून उभे राहतात आणि पाणी धरून ठेवतात. तो उडत परत येतो, पिल्लं पोटाखाली शिरून पिसं चोखतात. आफ्रिकेतल्या जातीत एका खेपेला पंचवीस मिलिलिटरपर्यंत पाणी मोजलं गेलंय, म्हणजे पाच चमचे.

### जे नुसते थांबतात

काहींनी खर्च शून्यावर आणला. बी होऊन पडून राहायचं. कित्येक वाळवंटी बियांच्या टरफलात उगवण रोखणारी रसायनं असतात. हलक्या सरीने ती धुतली जात नाहीत, दमदार पाऊस झाला तरच धुतली जातात. म्हणजे बी पाऊस मोजतं. पुरेसा झाला तर उगवून काही आठवड्यांत फुलून नवं बी टाकून मोकळं. बेडूक चिखलात, गोगलगायी दार लिंपून, बारीक कवचधारी जिवांची अंडी कोरड्या मातीत. रणात पाणी भरलं की हे सगळं जागं होतं आणि ते खायला रोहित पक्षी येतात.

थांबणाऱ्यांची एक बाजू आपल्यालाही भोवते. वाळवंटी टोळ कोरड्या वर्षांत एकेकटा, लाजरा. मे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाणी ओतलं, हिरवळ झाली, टोळ वाढले. गर्दी झाली की मागच्या पायांना एकमेकांचा सारखा स्पर्श होतो, काही तासांत सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन वाढतं आणि तोच लाजरा कीटक थवा करू लागतो, हे २००९ मध्ये सिद्ध झालेलं आहे. तसे थवे डिसेंबर २०१९ मध्ये उत्तर गुजरातच्या बनासकांठ्यात उतरले आणि त्यानंतरची धाड मे २०२० मध्ये विदर्भापर्यंत गेली.

### हे तर उन्हाला सरावलेले. तापमान वाढलं तर त्यांना काय?

हा आक्षेप मला पुष्कळ हुशार माणसांकडून ऐकायला मिळतो, आणि तो उलटा आहे. ज्याचा हिशेब आधीच काठावर जुळवलेला असतो त्याला थोडी महागाईही बुडवते.

याचा पुरावा अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात मिळाला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या पक्षी-प्राण्यांच्या नोंदी होत्या. शंभर वर्षांनी शास्त्रज्ञ त्याच जागी परत गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: एकेका जागेवरच्या पक्ष्यांच्या जाती सरासरी ४३ टक्क्यांनी घटल्या. अंग गार ठेवायला ज्यांना जास्त पाणी लागतं त्यांचं नुकसान जास्त. त्याच वाळवंटातले छोटे सस्तन प्राणी मात्र बहुतांशी जागेवर होते, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. कारण तेच: बीळ. ज्याला दुपारी जमिनीखाली जाता येतं त्याच्यासाठी वरचे दोन अंश फार फरक करत नाहीत. पक्ष्याला जायला जागा नाही.

### मग ही जमीन हिरवी का करू नये?

एकदा केली, त्याचा अनुभव बन्नीत बघायला मिळतो. भुजच्या उत्तरेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा गवताळ पट्टा. इथली बन्नी म्हैस रात्री चरते आणि सकाळी आपणहून गावात येते. पानफुटीचाच शहाणपणा, दुसऱ्या अंगात. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वन खात्याने इथे वेडी बाभूळ लावली, गुजरातीत गांडो बावळ. हिरवं तर झालं. गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून सगळीकडे गेल्या, खोल मुळांनी खालचं पाणी ओढलं आणि बाभळीने बन्नीचा मोठा भाग व्यापला. मालधाऱ्यांचं, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांचं, गवत गेलं, कोळसा करणाऱ्यांना काम मिळालं. आता ती उपटायची तर तिच्यावर जगणारे विचारतात, आमचं काय? घुडखरही तिच्या शेंगा खातात, हे वेगळंच.

कच्छच्या माणसांना पाणी मिळू नये असं कोणी म्हणणार नाही. नर्मदेचा कालवा २०२२ मध्ये मांडवी तालुक्यातल्या मोडकुब्यापर्यंत पोचला ही चांगलीच गोष्ट झाली. माझा आक्षेप 'ओसाड' या शिक्क्याला आहे. गवताळ माळ आणि खारट मैदान यांना तो शिक्का सरकारी दप्तरात इंग्रज काळापासून सहज बसत आलाय. एकदा बसला की जमीन रिकामी मानून वाटता येते. खावड्याच्या प्रकल्पाला सुमारे ७२,६०० हेक्टर जमीन दिलेली आहे. सूर्यप्रकाशापासून वीज हवी, याबद्दल दुमत नाही. मे महिन्यात एसी आपणच लावतो. प्रश्न तारा कुठून जातात याचा आहे.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, माळावर चहूकडचं दिसावं म्हणून. समोरचं त्याला नीट दिसत नाही. वजन पंधरा किलोपर्यंत, म्हणजे ऐनवेळी वळणं अशक्य. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते. कोरड्या माळावर त्याहून जास्त पिल्लं वाढवण्याचा खर्च भागत नाही, म्हणून हजारो वर्षांत हा हिशेब ठरला. सावकाश वाढणाऱ्या जिवाचं नुकसान सावकाशच भरून निघतं. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्यांच्या छोट्या थव्यात तारेने मारलेले दोन पक्षी फार मोठे असतात. देशात आता माळढोक दीडशेच्या आसपास मानले जातात, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन कुठल्या तारा गाडायच्या हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. राजस्थानात साम आणि रामदेवरा इथे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. कच्छच्या अबडासा तालुक्यात, नलियाजवळ, गेल्या काही वर्षांच्या पाहण्यांत थोड्या माद्याच दिसल्या आहेत. नर नाही.